सुमे, आईंनी स्वयंपाकघर सोडलंय

कर्वेनगर, पुणे
रविवार, दुपार

प्रिय सुमे,

गणपतीत तुझा एवढा लांबलचक मेसेज आला आणि मी नुसता अंगठा पाठवला. रागावली असशील, तर रागाव. फोन करणार होते, पण ह्या भाड्याच्या घरात एका खोलीत कुजबुजलेलं दुसऱ्या खोलीत स्वच्छ ऐकू येतं, आणि आत्ता जे सांगायचंय ते नेमकं त्या दुसऱ्या खोलीबद्दल आहे. म्हणून पत्र. माझं अक्षर लागत नसेल तर तुझ्या लेकाला वाचायला दे. नको, ह्या पत्रापुरतं नको देऊस.

तब्येती: माझी शुगर आहे तिथेच, गुडघा आहे तसाच. मोहनचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता त्याला घरातली जळमटंही दिसतात. एवढं पुरे.

सुमे, आईंनी स्वयंपाकघर सोडलंय. भांडण नाही, आदळआपट नाही. सकाळी चहा झाला की त्या बाल्कनीतल्या खुर्चीत जाऊन बसतात. "तुमचं चालू दे." मी पोळ्या करते, त्या रस्त्याकडे बघतात. भाजी निवडायला दिली तर निवडून देतात, पण ओट्याशी येत नाहीत. आई! ज्यांनी मला लग्नानंतर वर्षभर फोडणीला हात लावू दिला नव्हता, आणि तुला "तू आपली पानं घे, तेवढंच तुला जमतं" असं तोंडावर सांगितलं होतं! तुला ते अजून लागतं हे मला माहीत आहे. पण खरं सांग, जमत होतं का तुला दुसरं काही?

ह्या सगळ्याला निमित्त तवा. हसू नकोस, कारण तो तवा तूच आणलास. लग्नात बाकीच्यांनी लेमन सेट दिले, तू नॉनस्टिक तवा आणि लाकडी उलथनं दिलंस. आई तेव्हा म्हणाल्या, "ज्याला तेल लागत नाही ते भांडं कसलं?" वर्षभर तो माळ्यावर होता. मग एकदा बिडाच्या तव्यावर घावनांचा पार लगदा झाला आणि त्यांनी गुपचूप तुझा तवा खाली काढला. तेव्हापासून ते आजपर्यंत ह्या घरात नॉनस्टिक म्हणजे आईंचा प्रांत. तुझा तो पहिला केव्हाच गेला, नंतर किती आले आणि किती मावशींच्या तारेच्या घासणीखाली धारातीर्थी पडले, देव जाणे. उलथनं मात्र तेच. एका बाजूनं झिजून पार चमच्याच्या आकाराचं झालंय.

आता बदल का केला, ते. आपली सोसायटी पुनर्विकासाला गेली हे तुला माहीतच आहे. बिल्डर दोन वर्षं म्हणतो, म्हणजे किती ते तू समज. इथला ओटा इतका आखूड आहे की शेगडी ठेवली की पोळपाट जेवणाच्या टेबलावर जातो. मांडणी नाही, माळा नाही. म्हणून मी ते एकात एक बसणारं स्टीलचं घेतलं: तीन पातेली, एक पसरट पॅन, चपटी झाकणं आणि सगळ्यांना मिळून काढता-घालता येणारा एकच दांडा. सगळं मिळून एका पातेल्याची जागा घेतं. ट्रायप्लाय, म्हणजे तीन थरांचं आहे. तुला थर सांगायलाच हवेत, नाहीतर तू विचारशीलच: आत ३०४ नंबरचं स्टील, म्हणजे आपलं १८-८, मधे ॲल्युमिनियम, बाहेर ४३० नंबरचं, कारण इंडक्शनला चुंबक धरणारं स्टील लागतं. नुसत्या स्टीलच्या पातेल्यात ज्योतीच्या बरोबर वर करपतं आणि कडेला कच्चं राहतं. मधलं ॲल्युमिनियम उष्णता दहापटीहून जास्त वेगानं पसरवतं. दुकानात मी पर्समधून फ्रिजवरचं चुंबक काढून बुडाला लावलं, तर दुकानदार मोहनला म्हणाला, "मॅडम शिक्षिका आहेत का?" मोहन म्हणाला, "रिटायर झाल्यात, पण फरक पडत नाही."

घरी आणून मांडलं तर आईंनी एकदा नजर फिरवली. "पातेल्यात पातेलं, आणि उचलायला वेगळी सांडशी. हे आमच्या चिपळूणच्या घरात होतंच की. सांडशीला एवढे पैसे दिलेस?" मी निरुत्तर. आणि एक सांगू का, आपल्याला हवं असतं ते पातेलं नेहमी सगळ्यात आतच असतं. हे कुठल्याही खोक्यावर लिहिलेलं नसतं.

आता तू म्हणशील, स्टील घेतलंस तर घेतलंस, त्या बिचाऱ्या तव्यानं काय केलं होतं? कॉलेजच्या सेमिनारला तूच टेफ्लॉनवर, म्हणजे ह्याच नॉनस्टिक लेपावर बोलली होतीस ना? १९३८, सिलिंडरमधून वायू येईना, वजन मात्र जिथल्या तिथे, म्हणून रसायनशास्त्रज्ञ प्लंकेटनं सिलिंडर कापला तर आत पांढरी भुकटी. (तू प्लंकेटला शेवटपर्यंत 'प्लास्टर' म्हणत होतीस आणि सर ऐकून घेत होते. मी म्हटलं असतं तर बाहेर काढलं असतं. हे मी अजून विसरलेले नाही.) त्यामुळे तुला घाबरवणाऱ्या बातम्या सांगत नाही. खपली पोटात गेली तर जशी आली तशी बाहेर जाते, कार्बन-फ्लोरिनचा बंध आपल्या पोटाला तुटत नाही. ज्याचा बोभाटा आहे ते पीएफओए नावाचं रसायन टेफ्लॉन तयार करताना वापरायचे. २०१९ मध्ये घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम करारात ते बंद करायच्या यादीत गेलं, २०२३ मध्ये आयएआरसीनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं, त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि आता नव्या तव्यांवर ठळक अक्षरांत 'पीएफओए-फ्री' छापतात. मंद आचेवर घावन घालणाऱ्या बाईला ह्यातल्या कशाचंच भय नाही. ओरखडे पडले की तवा बदलायचा, इतकंच.

भय रिकाम्या तव्याचं आहे. २६० अंशांच्या पुढे तो लेप मोडायला लागतो, आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा तिथे काही मिनिटांतच पोचतो. त्या धुरानं पिंजऱ्यातले पक्षी मरतात, माणसाला ताप भरल्यासारखं होतं. हैदराबादच्या पोषण संस्थेनं तर २०२४ च्या आहारसूचनांमध्ये १७० अंशांपासूनच जपायला सांगितलंय. तो कागद लेकीनं मला पाठवला, मी मोहनला वाचून दाखवला, आईंच्या देखत. म्हणजे जाहीर कारण ते.

खरं कारण तुला सांगते. मोहनलाही अर्धंच माहीत आहे.

आई गॅस विसरायला लागल्यात. पहिल्यांदा मी भाजी घेऊन आले तर घरात तो विचित्र, घशात बसणारा वास, तवा कोरडा, खालची ज्योत पूर्ण मोठी, आणि आई देवघरात स्तोत्र म्हणतायत. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, बोलले नाही. माणूस आहे, विसरतो. मग परत झालं. मग एकदा मीच हॉलमध्ये असताना झालं, आणि मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी कुठे ठेवला तवा? तूच ठेवला असशील." ठामपणे. सुमे, त्या खोटं बोलत नव्हत्या. तेच मला सहन होईना.

तेव्हा मी भांडी बदलली. स्टील विसरलं तर फार तर निळं-जांभळं होईल, बूड करपेल. सोडा घालून उकळलं की सुटतं. विषारी धूर तरी नाही. मला वाटलं, एवढं केलं की माझ्या डोक्याचा ताप जाईल आणि त्यांचं घावन चालू राहील.

घावन चालू राहिलं नाही. स्टीलवर आधी भांडं नीट तापवायचं, पाण्याचा थेंब टाकून बघायचा. तो फुसकन वाळला तर अजून थांब. मोत्यासारखा गोल होऊन पळायला लागला की आच कमी करून तेल. लायडेनफ्रॉस्ट परिणाम, थेंब स्वतःच्याच वाफेवर तरंगतो तो! तोंडी परीक्षेत तुला हेच विचारलं होतं आणि तू 'केशाकर्षण' असं ठोकून दिलंस. आईंनी थेंबाचं ऐकून घेतलं. पण त्यांच्या हाताला इतक्या वर्षांची सवय गार तव्यावर पीठ ओतायची. तांदळाचं पीठ असं चिकटलं की उलथन्याला दाद देईना. मी म्हटलं, कांदा अर्धा कापून तेलात बुडवून फिरवू या, तुम्हीच बिडाच्या तव्याला करायच्यात ना. केलं. दुसरं घावन बरं निघालं, तिसरं परत बसलं.

तेही जमलं असतं. आई हटून बसल्या की लायडेनफ्रॉस्टलाही जमवून घ्यावं लागलं असतं. घात केला दांड्यानं. तो काढायला अंगठ्यानं बटण दाबून मागे ओढावं लागतं, आणि आईंचे अंगठे आता तेवढं दाबत नाहीत. संधिवात, तुला माहीत आहे. भांडी जड आहेत ती वेगळीच. म्हणजे पॅन उतरवायचा तर मला हाक मारायची, लावायचा तर मला हाक मारायची. चार दिवस मारली. पाचव्या दिवशी खुर्ची बाल्कनीत.

मोहनचं म्हणणं, "एक तवा घेऊन ये आणि विषय संपव." पुरुषांना विषय नेहमी दुकानातच संपवायचा असतो. मी नाही आणला. आणणारही नाही, कारण मी दुपारी लायब्ररीत गेले की घरी कोण आहे? मी सांडशी मात्र आणली, तुळशीबागेतून, चांगली लांब दांड्यांची. आईंनी ती बघितली, खिळ्याला अडकवली. अजून तिथेच आहे.

परवा रात्री मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. एकदम म्हणाल्या, "भांडी बदललीस ते बरं केलंस. कशासाठी बदललीस ते कळलंय मला." मी म्हटलं, जागा नाही ना आई. त्या म्हणाल्या, "हो, जागा नाही," आणि कूस बदलली.

तेव्हापासून झोप नाही. सुमे, त्यांना किती कळलंय? आपण विसरतोय हे त्यांना कळतंय, की सून आपल्यावर भरवसा ठेवत नाही एवढंच कळलंय? ह्यातलं कुठलं जास्त वाईट? खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्यांनी सांगितलंय की "आता मला काही करू देत नाहीत." जिन्यात त्या काकू माझ्याकडे अशा बघतात की मी रोज सासूला उपाशी ठेवते. डॉक्टरांकडे न्यायचंय, पण काय म्हणून न्यायचं? मोहनला पूर्ण सांगितलं तर तो आधी म्हणेल वय झालंय, मग रात्री जागेल, मग गॅसचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवेल. तसला माणूस आहे तो. आणि आईंना ते कळलं की संपलंच.

तुझ्या काकूंच्या वेळेला तू काय केलं होतंस? तू तेव्हा फार बोलली नाहीस, मीही विचारलं नाही, शाळेचं इन्स्पेक्शन होतं. आता विचारते. अगदी सुरुवातीला, म्हणजे नावं विसरायच्या आधी, तू त्यांना स्वतःहून सांगितलंस का? की त्याच बोलल्या? सविस्तर लिही. मला शहाणपण नको, तू प्रत्यक्ष काय केलंस ते हवंय.

तुझं सांग. धाकट्याचं ठरलं का? मुलगी नाशिकची म्हणालीस, पुढे? बंगल्याचं गळणं थांबलं का? भाऊजींची तंबाखू सुटली की नुसती लपली? पेन्शनच्या कागदांसाठी तुला पुण्याला यावंच लागणार आहे, तर लॉजवर उतरायचा शहाणपणा करू नकोस. जागा नाही, पण तुझ्यापुरती आहे. डब्यात पाणी उकळून चहा करत राहिलेल्या मुली आपण.

आणि एक काम कर. आईंना फोन कर. मला नाही, त्यांच्या फोनवर, सकाळी दहाच्या सुमारास. तव्याचं काढू नकोस, तब्येतीचं काढू नकोस. म्हणावं, घावनाचं प्रमाण सांगा, घाटल्याचंही सांगा, माझी नेहमी बिघडतात. हे तुला खोटं बोलावं लागणार नाही. त्या ओरडतील, "इतक्या वर्षांत शिकली नाहीस?" ओरडू दे. मग म्हण, पीठ किती पातळ ते फोनवर कळत नाही, मी आले की समोर करून दाखवा. पुढचं मी बघते. सांडशी आहे, भांडं उचलायला मी आहे, गॅस माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आणि प्रमाण खरंच लिहून घे, नुसतं हं हं करू नकोस. त्या मधेच उलटून विचारतात.

तुझी,
माई

ता. क. इथल्या टँकरच्या पाण्यानं स्टीलवर पांढरे डाग पडतात, ते लिंबाच्या सालानं जातात. तुझ्याकडेही बोअरचंच पाणी आहे म्हणून लिहिलं. आणि पाणी उकळायच्या आधी मीठ टाकू नकोस, तळाला बारीक खड्डे पडतात. क्लोराइड. हे तरी आठवत असेल.