रशियापुढे सगळेच मवाळ का: लेकीस पत्र

चि. राणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी बोलणे अर्धवट टाकून तू फोन ठेवलास, तेव्हापासून तुझा प्रश्न घरात घोळतो आहे. भारतात डावे, काँग्रेस आणि भाजप एरवी एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, मग रशियाचे नाव निघताच सगळे सारखेच मवाळ का होतात, हे तुझ्या युक्रेनमधल्या खारकीव्हच्या मैत्रिणीने विचारले आणि तुझ्याजवळ उत्तर नव्हते. बाबांनी ‘१९७१ विसरलीस का’ एवढेच म्हटले, म्हणून मी सविस्तर लिहिते आहे. शनिवारी तू ज्या मोर्चाला जायचे म्हणतेस त्याविषयी अवाक्षर लिहायचे नाही, असे ठरवले आहे.

हे सगळे पक्ष एकाच रशियावर लोभ करत नाहीत. डाव्यांना तेथे क्रांती दिसली आणि क्रांतीचे राज्य गेल्यावरही अमेरिकेला अडवणारी सत्ता म्हणून ओढ उरली. काँग्रेसला सोव्हिएत मदतीने उभा राहिलेला भिलाईचा पोलाद कारखाना दिसला आणि सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघाने भारतासाठी वापरलेला नकाराधिकार दिसला: १९५७ आणि १९६२ मध्ये काश्मीरच्या प्रश्नावर, १९६१ मध्ये गोव्यावर आणि १९७१ च्या डिसेंबरात तर पुन्हा पुन्हा. भाजपचा पूर्वावतार असलेल्या जनसंघाला यातले काहीच प्रिय नव्हते. आणीबाणीत त्यांचे नेते तुरुंगात असताना मॉस्कोने आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाने इंदिराबाईंची पाठराखण केली होती. तरीही १९७७ मध्ये सत्ता बदलली, तेव्हा मोरारजी आणि परराष्ट्रमंत्री वाजपेयी त्याच वर्षी मॉस्कोला गेले आणि १९७१ चा वीस वर्षांचा मैत्री करार तसाच राहिला. विमाने, रणगाडे, पाणबुड्या आणि त्यांचे सुटे भाग तेथूनच येत होते, आणि सरकार बदलले म्हणून सैन्याची शस्त्रे रातोरात बदलता येत नाहीत. पुढे २००० मध्ये त्याच वाजपेयींनी पुतिन यांच्याबरोबर सामरिक भागीदारीच्या घोषणापत्रावर सही केली.

मला सर्वांत बोलके उदाहरण आपल्या मराठी माणसाचे वाटते. सप्टेंबर २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर लादलेल्या युद्धाला सात महिनेही झाले नव्हते तेव्हा, मॉस्कोत अण्णा भाऊ साठे यांच्या पुतळ्याचे अनावरण देवेंद्र फडणवीस यांनी केले. शाहीर कम्युनिस्ट, अनावरण करणारा नेता भाजपचा, आणि यजमान देशात कम्युनिस्ट राज्य उरलेलेच नव्हते.

नानांच्या तोंडून १९७१ च्या भारत-पाक युद्धातली ४ डिसेंबरची रात्र तू अनेकदा ऐकली आहेस. कराचीवर चालून गेलेल्या क्षेपणास्त्र नौका सोव्हिएत बनावटीच्या होत्या. मी लहान होते. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले होते, आणि नाना गोदीतून परत येईपर्यंत आजी जेवत नसे. अमेरिकेची एंटरप्राइज ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी आली, तेव्हा आपल्या बाजूने कोण उभे आहे हे त्या पिढीने मनात कोरून ठेवले. मोठी झाल्यावर मी हे प्रश्न न विचारताच स्वीकारले, तू विचारतेस, याचा मला अभिमान आहे. म्हणूनच तुझी काळजीही वाटते. असो.

एक गोष्ट मात्र मला टोचते. ते उपकार सोव्हिएत संघाचे होते आणि युक्रेन त्या संघाचाच भाग होता. आपल्या हवाई दलाची ए.एन.-३२ मालवाहू विमाने कीव्हमध्ये बनली. कृतज्ञता मात्र सगळी मॉस्कोच्याच नावावर जमा झाली. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी आक्रमणाचा निषेध केला, तेव्हा भारत तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत होता; आणि सप्टेंबर २०२३ मध्ये राहुल गांधींनीही ब्रुसेल्समध्ये सांगितले की विरोधकांची भूमिका साधारणपणे सरकारसारखीच आहे. युद्धापूर्वी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा नगण्य होता, २०२३ मध्ये तो एक तृतीयांशाच्या वर गेला. स्वस्त तेल नाकारा, असे मतदारांना कोणता पक्ष सांगेल? हे मी कारण म्हणून सांगते आहे, समर्थन म्हणून नाही.

तू राहतेस त्या जर्मनीत, लाइपझिगमध्ये तरी वेगळे काय आहे? ११ जून २०२४ ला झेलेन्स्की जर्मन संसदेत बोलले, तेव्हा अतिउजव्या ए.एफ.डी.चे बहुतेक खासदार आणि डाव्या वळणाच्या झारा वागेनक्नेख्ट यांच्या पक्षाचे सगळे खासदार गैरहजर राहिले. एकाला पुतिनमध्ये परंपरा राखणारा खंबीर नेता दिसतो, दुसऱ्याला नाटोला रोखणारी सत्ता दिसते; परक्या सत्तेवरच्या प्रेमापेक्षा घरच्या राज्यकर्त्यांवरचा राग दोघांना जवळ आणतो, असे मला वाटते. त्याच वर्षी तुझ्या लाइपझिगच्या सॅक्सनी राज्यात ए.एफ.डी.ला तीस टक्क्यांहून अधिक मते पडली. अशा ठिकाणी परदेशी मुलीने फलक घेऊन रस्त्यावर उतरावे का, एवढेच मी विचारते. शिक्षणासाठी मिळालेला व्हिसा, अनोळखी पोलीस, परतीची रात्रीची ट्राम. कोणी धक्काबुक्की केली तर आम्ही येथून काय करणार? पाहा, शेवटी उपदेश केलाच. रागावू नकोस.

मैत्रिणीला एक गोष्ट अवश्य सांग. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि भारताने निषेध टाळला, तेव्हा अशोक मेहतांनी केंद्रीय मंत्रिपद सोडले होते. हे बाबांनीच मला आठवण करून दिले, रविवारी तुझा फोन बंद झाल्यानंतर. त्यांना तुझे म्हणणे पटत नाही असे समजू नकोस; त्यांना शनिवारची भीती वाटते, आणि ती मलाही वाटते. गेलीस तर मधल्या रांगेत राहा, मैत्रिणीचा हात सोडू नकोस, आणि घरी पोहोचल्यावर येथे कितीही वाजलेले असोत, फोन कर.

तुझी,
आई