‘सकारात्मक राहा’ म्हणून भागत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पहिल्या पीयूसीचे, म्हणजे अकरावीचे, वर्ग सुरू झाले की खानापूर, उचगाव, येळ्ळूरकडून बेळगावात येणाऱ्या मुलांवर प्रेरणादायी भाषणांचा मारा सुरू होतो. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोर एकदम इंग्रजीतल्या फिजिक्ससमोर बसतं, ऑफिसात कन्नड लागतं, आणि ‘आपल्याला हे जमायचं नाही’ हे वाक्य डोक्यात दिवसभर वाजत राहतं. त्यावर आरशासमोर उभं राहून ‘मी हुशार आहे’ म्हणायला सांगतात. समुपदेशनाच्या कामात असल्यामुळे लिहावंसं वाटलं, की ज्यांना गरज जास्त त्यांच्यावरच हा उपाय उलटतो. २००९ साली कॅनडातल्या संशोधकांनी स्वतःबद्दल आधीच हलकं मत असलेल्यांना स्वतःविषयी गोड वाक्य घोकायला लावलं, तर त्यांना आणखी वाईट वाटलं. वाक्य पटण्याजोगं नसलं की मन लगेच उलटे दाखले काढतं. विचार दाबणंही फसतं. ‘पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ हा डॅनियल वेग्नर यांचा १९८७ मधला प्रयोग घरी करून बघा, अस्वल येतंच.

कामाला येते ती वही: मनातलं वाक्य कागदावर उतरवून तपासायचं. ॲरन बेक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. प्रसंग घडला त्याच दिवशी, पण झोपायच्या तोंडावर नाही, १५ मिनिटं बसावं. काय घडलं ते एका ओळीत लिहावं, मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, मग किती वाईट वाटतंय त्याला ० ते १०० मधला आकडा. त्याखाली त्या वाक्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे.

समजा, चाचणीत २५ पैकी ९ पडले आणि वाक्य आलं, ‘मी ढ आहे.’ बाजूचा पुरावा ९ गुण. विरुद्ध पुरावा पेपरातच सापडतो: उदाहरणांचे गुण मिळालेत, गेलेत ते व्याख्यांचे. मग नवं वाक्य होतं, ‘उदाहरणं जमतात, इंग्रजीतल्या व्याख्या अजून जमत नाहीत.’ यातून काम निघतं, रोज दहा शब्दांची मराठी-इंग्रजी यादी. ‘ढ’मधून काहीच निघत नाही. शेवटी आकडा पुन्हा लिहावा. ८० चा ५५ झाला तरी पुष्कळ. शून्याची वाट बघणारे चौथ्या दिवशी वही टाकतात.

चुका ठरलेल्या आहेत. ‘मला जमेल का?’ असा प्रश्न लिहिला तर तो तपासता येत नाही, ‘मला जमणार नाही’ असं विधान करावं लागतं. ‘सगळे म्हणतात’ हा पुरावा नव्हे. नवं वाक्य स्वतःला निम्म्याहून कमी पटत असेल तर ते फार गोड झालंय, पाणी घाला. हे सगळं मनातल्या मनात करू नये, तिथे विचार घाण्याच्या बैलासारखा फिरतो. वीस मिनिटांत नवं वाक्य सुचलं नाही तर वही मिटून बाहेर पडावं.

काही भीती मात्र कागदावर मोडत नाहीत. ‘मोडकं कन्नड बोललो तर हसतील’ ही आपल्याकडची नेहमीची. आधी भाकीत लिहा: पाच जणांना विचारलं तर चार हसतील. मग बसस्टँडवर पाच जणांना विचारा, ‘खानापूर बस एष्टु गंटेगे?’ (खानापूरची बस किती वाजता?) आणि खरे किती हसले ते मोजा. एक हसेलही, तोही लिहा. (सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागो, पोराला उद्या सकाळची बस गाठायची आहे.)

मोठ्यांनाही सांगायचं आहे. मनातलं ते वाक्य बहुतेकदा बाहेरून आलेलं असतं. ‘तुझ्याच्यानं व्हायचं नाही’ हे घरी नि वर्गात इतकं सहज म्हटलं जातं, की नंतर मूल ते स्वतःच म्हणतं. ‘तुला गणित येत नाही’ऐवजी ‘तिसऱ्या पायरीत चिन्ह चुकलं’ म्हणायला तेवढाच वेळ लागतो.

उदासपणा दोन आठवडे जवळजवळ दिवसभर टिकला, झोप-भूक बिघडली, तर वहीवर विसंबू नये. जीव नकोसा वाटला तर दोन आठवडेही थांबू नये. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालतो. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे.

कॉलेजांना विनंती एवढीच, की स्वागत समारंभातल्या एका भाषणाऐवजी एक तास आणि प्रत्येकाला एक शंभरपानी वही द्यावी. पहिलं पान वर्गातच, शिक्षक हजर असताना भरून घ्यावं. ते तपासायला मात्र मागू नये, नाहीतर मुलं शिक्षकांना आवडेल तेच लिहितील.

आपले,
समुपदेशन क्षेत्रातील काही वाचक, बेळगाव