निविदेआधी प्रवाह मोजा : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

माननीय ऊर्जामंत्री,
सविनय नमस्कार.

भरती-ओहोटीच्या प्रवाहातून वीज काढण्याच्या निविदा स्थापित मेगावॅटवर, म्हणजे यंत्रांच्या कमाल क्षमतेच्या आकड्यावर, काढू नयेत, ही आमची कळकळीची विनंती आहे. आधी जागेवर प्रवाह मोजावा, मगच यंत्र ठरवावे.

प्रवाहातली शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग सेकंदाला २.५ मीटर असेल, तर पात्यांसमोरच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ८ किलोवॅट वाहतात. तोच २ मीटर निघाला की उरतात जेमतेम ४, आणि यंत्राच्या हाती त्यातलाही काही भागच लागतो. वेग कमी धरला तरी नुकसान होतेच. २००९ मध्ये कॅनडातील फंडीच्या उपसागरात उतरवलेल्या १ मेगावॅटच्या टर्बाइनची पाती प्रवाहानेच मोडली. तिथले पाणी अंदाजापेक्षा जोरकस होते.

म्हणून तळावर ध्वनिलहरींवर चालणारे प्रवाहमापक किमान ३० दिवस ठेवावे, म्हणजे उधाण (भरती-ओहोटी सर्वांत जोरकस असते ते दिवस) आणि भांग (ती सर्वांत मंद असते ते दिवस) दोन्ही दोनदा मोजले जातात. नोंद पाती फिरतील त्या खोलीची हवी. पृष्ठभागावरचा वेग बहुधा जास्त असतो आणि तो धरला की हिशेब फुगतो. लाटांच्या यंत्रांना मात्र महिना पुरत नाही, तिथे वर्षभराची नोंद लागते.

केबलकडे तर फार थोड्यांचे लक्ष जाते. वेगवान पाण्यात तळावर वाळू टिकत नाही, उघडा खडक असतो. केबल गाडता येत नाही, मग ती खडकावर घासून झिजते. बिडाचे कवच, वर दगडांच्या पिशव्या आणि किनाऱ्याजवळ खडकातून आडवे छिद्र, हा खर्च मूळ अंदाजपत्रकातच दिसला पाहिजे. देखभालीचेही तसेच. प्रवाह पालटताना पाणी थोडाच वेळ थांबते, त्यामुळे काम भांगाच्या दिवसांत उरकावे लागते. भाड्याचे जहाज त्या तारखांना मिळाले नाही, तर बंद पडलेले यंत्र पुढच्या भांगापर्यंत, म्हणजे जवळजवळ १५ दिवस, तसेच राहते. यंत्र लवकर सुटे करून वर आणता येते का, यालाही निविदेत गुण असावेत.

पैसे किनाऱ्यावरच्या मीटरमध्ये नोंदलेल्या युनिटनुसार द्यावेत. प्रवाहाची मोजणी मात्र सरकारने स्वतःच्या खर्चाने करून आकडे सर्व बोलीदारांना खुले करावेत. नाहीतर अनिश्चिततेची किंमत प्रत्येक जण आपापल्या दरात लावील.

आपले नम्र,
समुद्री ऊर्जा क्षेत्रातील अभियंते