सह्या जमतात, खरी मेख मसुद्यात

महोदय,

‘कायदे लोकांनाच थेट करू द्या’ अशी मागणी झाली की कॅलिफोर्नियाचा दाखला हमखास दिला जातो. तिथे 1911 पासून ही सोय आहे खरी, पण प्रस्तावाचे बरेचसे भवितव्य मतदानाआधीच ठरून गेलेले असते.

मसुदा प्रस्तावकांनीच लिहायचा आणि 2,000 डॉलर भरून ॲटर्नी जनरलकडे (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे) द्यायचा. 30 दिवस लोकांच्या सूचना येतात. मग ॲटर्नी जनरल शंभर शब्दांच्या आत शीर्षक व सारांश देतात आणि सह्यांसाठी 180 दिवस मिळतात. साध्या कायद्याला मागच्या गव्हर्नर निवडणुकीतील मतांच्या 5 टक्के सह्या लागतात, राज्यघटना बदलायची तर 8 टक्के. 2022च्या निवडणुकीनुसार हे आकडे 5,46,651 आणि 8,74,641 होतात.

नेमक्या तेवढ्याच सह्या घेऊन जाणारा हमखास आपटतो. प्रत्येक काउंटीत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यात) 3 टक्के किंवा 500, यांपैकी जास्त असतील तेवढ्या सह्या नमुन्यादाखल तपासतात. त्यावरून काढलेला अंदाज गरजेच्या 110 टक्क्यांवर गेला तर प्रस्ताव पात्र, 95 टक्क्यांखाली आला तर बाद. मधे अडकला तर एकेक सही तपासायची. पत्ता मतदारयादीशी जुळला नाही की सही गेली. सगळ्यात महाग पडते ती दुबार सही, कारण नमुन्यात अशी एक सापडली तरी अंदाज शेकडोंनी घसरतो. म्हणून जाणकार बऱ्याच जादा सह्या गोळा करतात आणि त्यासाठी पगारी माणसे लावतात. ती लावण्यावर राज्यांना बंदी घालता येत नाही, असा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1988चा निकाल आहे. पैसा शिरतो तो इथूनच.

पण खरी मेख मसुद्यात असते. लोकांनी मंजूर केलेला कायदा विधिमंडळाला परस्पर बदलता येत नाही. मसुद्यातच परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. 2020च्या ‘प्रपोझिशन 22’ या मतदानाला ठेवलेल्या प्रस्तावात ॲपवरच्या टॅक्सी कंपन्यांनी दुरुस्तीसाठी दोन्ही सभागृहांत सात-अष्टमांश बहुमताची अट घालून ठेवली. दरवाजा उघडा, पण उंबरठा छातीएवढा!

याची उलटी बाजूही आहे. विधिमंडळाने केलेल्या कायद्याविरुद्ध 90 दिवसांत 5 टक्के सह्या दिल्या की मतदान होईपर्यंत तो स्थगित राहतो. स्वादयुक्त तंबाखूवरील 2020ची बंदी तंबाखू कंपन्यांनी याच मार्गाने रोखली. नोव्हेंबर 2022मध्ये मतदारांनी बंदीच्याच बाजूने कौल दिला, पण तोवर दोन वर्षे विक्री चालूच राहिली.

महाराष्ट्रात ‘आडवी बाटली’चे मतदान आहेच. त्याने कायदा होत नाही, दारूचे दुकान बंद होते. मात्र त्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. म्हणजे मतदानाला न आलेली बाई आपोआप दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते. कॅलिफोर्नियात पडलेल्या मतांचे साधे बहुमत पुरते. तिथला दाखला द्यायचाच असेल, तर आधी या हिशेबाचा द्यावा.

– एक वाचक, सॅन होजे (कॅलिफोर्निया)