खोलीतला आकडा आम्हाला हवा आहे: केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आमच्या घरात मोबाइल टॉवरच्या प्रारणाची, म्हणजे त्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरींची, मोजणी होणार होती. शुल्क भरलेले होते आणि मोजणी घरात येऊनच करू, असा शब्द फोनवर मिळाला होता. पथक आले, ज्या समोरच्या इमारतीवर टॉवर आहे तिच्या फाटकापाशी त्यांनी उपकरण धरले आणि आमचा जिना न चढताच ते निघून गेले. नंतर एका ओळीचा अहवाल आला, 'पातळी विहित मर्यादेत आहे.' ती किती आहे, हे कुठेही लिहिलेले नाही.

टॉवरच्या पायथ्याशी मोजून काय हाती लागणार, महोदय? अँटेनाचा मुख्य झोत थेट खाली पडत नाही. तो किंचित कलून जवळजवळ आडवा जातो, त्यामुळे ज्या गच्चीवर अँटेना उभी आहे तिथल्या रहिवाशांपेक्षा समोरच्या, त्याच उंचीवरच्या खिडकीत तो अधिक पोहोचतो. आमची चौथ्या मजल्यावरची खिडकी नेमकी त्या रेषेत आहे. भाडे त्या सोसायटीला मिळते, झोत आमच्याकडे येतो, आणि अँटेना बसवताना आम्हाला कोणी विचारलेसुद्धा नाही.

त्याच खिडकीच्या खोलीत माझी मुलगी बाळंतपणासाठी राहायला आली. सातवा महिना चालू आहे. आता ती खोली बंद आहे, आम्ही सगळे बैठकीच्या खोलीत दाटीवाटीने झोपतो, माझे डोके दिवसदिवस दुखते आणि पत्नीला तर झोपच उरलेली नाही. "तिथे धोका नाही ना?" असे जावई फोनवर विचारतात, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नसते. आमच्या त्रासाचे कारण अँटेनाच आहे, असा माझा दावा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा २ब गटात ठेवले, तर जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. दोन्ही गोष्टी मला ठाऊक आहेत. पण माझ्या खोलीत किती प्रारण आहे, हे त्यांतून कसे कळावे?

१ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरच्या प्रारणासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा स्वीकारली. १८०० मेगाहर्ट्झसाठी ती चौरस मीटरला ०.९ वॅट आहे. निर्णय चांगलाच होता. परंतु ती पाळल्याचे प्रमाणपत्र कंपनीच स्वतःला देते, सरकारी तपासणी वर्षाला फार तर १० टक्के टॉवर-केंद्रांची होते, आणि ज्याला शंका आहे त्याने ४,००० रुपये भरावेत, अशी सोय २०१७ मध्ये दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर केली गेली. लहरी सोडणाऱ्याने स्वतःला निर्दोष ठरवायचे आणि ज्याच्या घरात त्या शिरतात त्याने पदरमोड करून शंका फेडायची, हा कुठला न्याय? कारखान्याचे सांडपाणी असो वा धुराडे, या देशात सोसणाऱ्यानेच पुरावे गोळा करत हिंडावे, अशीच रीत पडली आहे, आणि तिचा मला मनस्वी संताप आहे.

आमच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, संध्याकाळी फोनची वर्दळ सर्वाधिक असते त्या वेळी मोजणी व्हावी. आलेला आकडा, उपकरणाचे नाव आणि मोजण्याची जागा अहवालात लिहिलेली असावी. यापुढे अँटेना बसवण्याआधी समोरच्या घरांना लेखी सूचना देणे बंधनकारक करावे. पथक कोणत्या तारखेला येणार, ते मला लेखी कळवावे.

आपला,
एक रहिवासी, पुणे