मित्रास पत्र : दोन कार्ब्युरेटरांची जवारी

बक्स्टन, डर्बीशायर, इंग्लंड

प्रिय अनंत,
सप्रेम नमस्कार.

"चौऱ्याहत्तरी गाठलीस, आता तरी ते जुने डबडे विकून टाक," असे तू फोनवर म्हणालास, तेव्हा मी हसण्यावारी नेले. पण तुझे बोलणे मनातून जाईना, म्हणून हे लांबलचक उत्तर.

गाडी १९६६ सालची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश बनावटीची स्पोर्ट्स कार, उघडता येणाऱ्या छपराची, दोघांपुरती. मी ती १९८१ साली घेतली. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमधला तिचा कारखाना आदल्याच वर्षी बंद झाला होता. १९७९ मध्ये तिथे पन्नाशीचा सोहळा झाला आणि त्याच्या पाठोपाठ टाळे लागणार असल्याची घोषणा झाली. पाच लाखांहून अधिक एमजीबी बनवणाऱ्यांच्या वाट्याला हे आले, याचे मला आजही वाईट वाटते. ज्या विक्रेत्याकडून मी गाडी घेतली त्याने दारांखालच्या गंजलेल्या पत्र्यात पुट्टी भरून वर छान रंग दिला होता. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, सारी ताकद त्या पत्र्यातच असते, आणि मी पहिल्यांदा जॅक लावला तेव्हा तो चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा आत गेला. पहिला हिवाळा मी गाडीत कमी आणि गाडीखाली अधिक काढला.

आता मूळ मुद्दा. तिच्या १७९८ सीसी इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारे दोन एसयू कार्ब्युरेटर आहेत आणि दोघांनी हवा सारखीच ओढली पाहिजे. त्यासाठी दोघांना जोडणाऱ्या दांड्याची पकड सैल करायची, रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे एकेका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचे, आणि ज्याचा सूं आवाज मोठा येईल त्याचा स्क्रू किंचित सैल करायचा. मग आतला पिस्टन केसभर उचलून पाहायचा : इंजिन गळपटले तर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी), वेग वाढून तसाच राहिला तर जाड (पेट्रोल जास्त), आणि क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आला तर जमले. मिरजेत कॉलेजातून परतताना सतारमेकर गल्लीत आपण तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी आस, लावताना बघत उभे राहायचो, आठवते? तो कारागीर घोडीवर तारेखालचा दोरा सरकवत राही आणि एका जागी तार अचानक गुंजू लागे. इथेही नेमके तसेच होते. मुलाच्या नव्या गाडीत काही बिघडले की समोर दिवा लागतो आणि मुकाट्याने वर्कशॉप गाठावे लागते. माझ्या गाडीत बिघाड आधी कानाला कळतो, आणि आयुष्यभर स्टेथोस्कोप लावलेल्या माणसाला हे सुख सोडवत नाही.

वेगाचे म्हणशील तर ९५ अश्वशक्ती म्हणजे आज काहीच नाही. पण बसण्याची जागा इतकी खाली आहे की ताशी ८० किलोमीटरलाही दीडशेचा भास होतो.

गेल्या ऑक्टोबरात मॅकल्सफील्डहून येताना कॅट अँड फिडलच्या चढावर, भर पावसात, इंधनपंपाची टिकटिक थांबली. मी रस्त्याकडेला आडवा होऊन मागच्या चाकाजवळ पान्याच्या मुठीने दोन टोले दिले, आणि टिकटिक पुन्हा सुरू झाली. छप्पर गळत असल्यामुळे तुझ्या वहिनी आत छत्री उघडून बसल्या होत्या. त्यांनी काच न उतरवताच विचारले, "पेशंट वाचला का?"

इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला कर नाही आणि २०१८ पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. मी मात्र दरवर्षी तपासून घेतो. वयाची सबब सांगून तपासणी टाळणारे पेशंट मी पुष्कळ पाहिले आहेत.

विकण्याचे राहू दे. जूनमध्ये येतो आहेस, तेव्हा त्याच चढावर तुला नेईन. कानटोपी आण, छत्री मी देईन. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर