उंचीइतकाच सोबतीचा वाटा

संपादक महोदय,

लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या यशाची चर्चा निघाली की गाडी विरळ हवेवर येऊन थांबते. ते खोटे नाही. केनियातील इटेन हे धावपटूंचे गाव सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायूही कमी. काही आठवड्यांत शरीर तांबड्या रक्तपेशी वाढवून ती उणीव भरून काढू लागते. पण इतकी उंच गावे जगात पुष्कळ आहेत!

मला मोलाची वाटते ती तिथली सोबत. पहाटे नवखा तरुण नामवंतांच्या घोळक्यामागे धावू लागतो, आज थोडे, पुढच्या महिन्यात आणखी थोडे. जवळच्याच काप्तागतच्या शिबिरात मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे ऑलिंपिक विजेता झाल्यावरही सहकाऱ्यांबरोबर राहिला, झाडलोट आणि संडास घासण्याची पाळी त्यालाही चुकली नाही. थकलेल्या दिवशी माणसाला उठवते ती ही बरोबरी, रक्तपेशी नव्हेत.

म्हणून धावपटूंना काही आठवड्यांसाठी डोंगरावर धाडून परत बोलावणाऱ्या क्रीडा संघटनांना कळकळीची विनंती: प्रशिक्षक आणि जुन्याजाणत्या धावपटूंसह वर्षानुवर्षे एकत्र राहता येईल, अशी वस्ती आधी उभारा.

– एक धावपटू वाचक